वस्तादांनी माती का उकरली

शमशेर वस्तादांच्या मानेतली गाठ सापडली ती हर्षलला, मालिश करताना. उजव्या जबड्याखाली, सुपारीएवढी. हर्षल आमच्या तिसगावच्या तालमीतला सगळ्यात तयार पैलवान, वय वीस, स्वभावाने चिकट. त्याने विचारलं, "वस्ताद, हे काय हाय?" वस्ताद म्हणाले, "जुनी मुरगळ हाय. तू खांद्याकडं बघ." हर्षलने पंधरा दिवस वाट पाहिली, रोज हळूच चाचपलं, गाठ तिथंच. मग तो माझ्या दुकानात आला, खताच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, "मच्छिंद्रकाका, तुमी त्यांला दवाखान्यात न्या. माजं ऐकत न्हाईत."

माझं तरी कुठं ऐकतो तो. शमशेर आणि मी सातवीत एकाच वर्षी नापास झालो, तेव्हापासूनची आमची ओळख. पुढे तो पैलवान झाला, मी खत-बियाण्यांचं दुकान काढलं. पण कुस्तीचा नाद मलाही सुटला नाही, म्हणून यात्रेच्या हगाम्यांत मी माईकवर कुस्त्यांचं निवेदन करतो. आवाज देवाने मोठा दिलाय. माझी बायको रतनबाई म्हणते की त्या नादात डोकं द्यायचं राहिलं. पोरांसमोर मी शमशेरला वस्ताद म्हणतो, एकटा असला की शमशेर म्हणतो, आणि चिडलो की काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमची तालीम म्हणजे पत्र्याचं छप्पर, मारुतीची तसबीर आणि मधोमध लाल मातीचा आखाडा. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर असं काय काय वर्षानुवर्षं मुरलेलं. तसबिरीला हार हर्षल घालतो आणि तो ताजा आहे का शिळा ते शमशेर बघतो. नवा पोरगा आला की वस्ताद त्याच्या मुठीत ती माती देतो आणि दोन गोष्टी वदवून घेतो. एक, तोंडात तंबाखू-गुटखा जाणार नाही. दोन, लंगोट पक्का राहील. म्हणजे लग्न होईपर्यंत बाईच्या वाटेला जायचं नाही. शेवटी वस्ताद आपलं उदाहरण देतो: "माजा सत्तावीस वर्षं ऱ्हायला. चांदबी घरात आली तवर." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

तो नुसतं वदवून घेऊन थांबायचा नाही. तीस वर्षांत दोन पोरांना त्याने लंगोटापायी तालमीतून काढलं. त्यातल्या एकाचा बाप दारात येऊन पाया पडला, तरी घेतलं नाही. मी तेव्हा त्याला म्हणालो होतो, "अरे, पोरगं हाय, चुकलं आसंल." त्यावर महिनाभर आमचं बोलणं बंद होतं.

असो. मी गाडी काढली आणि त्याला जवळजवळ उचलूनच नगरला नेलं. तुकडा काढून तपासायला दिला, स्कॅन झालं, आठ दिवसांनी परत बोलावलं. डॉक्टर होत्या मोनिका, मूळच्या श्रीरामपूरच्या, तिशी-पस्तिशीच्या. आमच्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी शमशेरला काका म्हणायला सुरुवात केली तेव्हाच मला वाटलं, बातमी वाईट असणार.

"काका, टॉन्सिलमध्ये कॅन्सर आहे. तिथून मानेच्या गाठीत उतरलाय," त्या म्हणाल्या. "पण घाबरू नका. ही गाठ तंबाखूची नाही. एचपीव्ही नावाचा एक विषाणू असतो, त्याच्यामुळे झालेली आहे. अशा गाठी उपचारांना चांगली दाद देतात."

"मी आयुष्यात सुपारीबी खाल्ली न्हाई," शमशेर म्हणाला.

"तेच सांगतेय. हा विषाणू तोंडावाटे जातो. म्हणजे शरीरसंबंधात..."

एवढं कानावर पडलं आणि शमशेर उठला. "पानी पिऊन येतो," म्हणाला आणि गेला तो थेट गाडीत जाऊन बसला. राहिलो मी. खरं सांगतो, मीही पुढचं धड ऐकलं नाही. डॉक्टरबाई बोलत होत्या आणि मी समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा मोजत होतो. ज्या गोष्टी आम्ही दोघं चाळीस वर्षांत एकमेकांशी बोललो नाही, त्या एका पोरीकडून ऐकायच्या म्हणजे जीव अर्धा होतो. माझी ती चूक मोठी होती आणि ती लगेच दुसऱ्या दिवशी भोवली.

सकाळी दुकान उघडतोय तोच हर्षलचा फोन. "काका, लवकर या. वस्ताद आखाडा उकरायला लावत्यात."

मी गेलो तर तालमीसमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी. सगळी पोरं तोंडाला रुमाल बांधून फावड्याने माती उपसतायत आणि शमशेर दाराबाहेर दहा हात लांब उभा, त्याच्याही तोंडाला उपरणं. आत पाऊलसुद्धा टाकत नव्हता. तोंड बांधलेली ती पोरं रडतायत का घामेजलीत तेही कळेना. तीन महिन्यांवर हगाम्यांचा हंगाम, आणि हा माणूस मुरलेली माती उपसून बाहेर फेकत होता. माझं टाळकं सरकलं. मी त्याला बाजूला ओढलं आणि पोरांसमोरच बोलायचं ते बोललो.

तो शांत होता. म्हणाला, "मच्छ्या, तोंडावाटे म्हनली ना ती? तीस वरसं माजा घाम, माजी थुंकी ह्या मातीत पडली. पोरं पालथी पडली की माती तोंडात जाती. एकाच तांब्यानं आमी थंडाई पितो, पैला घोट माजा. अठरा पोरं हायेत. मी अठरा घरांला आजार वाटला."

ते म्हणताना त्याच्या डोळ्यात पाणी होतं. शमशेरचा बाप गेला तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण त्याला सांगू काय? मीच तर अर्धं ऐकून आलेलो. मी एवढंच केलं की ट्रॉली रिकामी परत पाठवली आणि पोरांना म्हणालो, माती इथंच भिंतीशी ढीग करून ठेवा, कुठं नेऊ नका. तालीम बंद झाली. शमशेर घराच्या ओट्यावर बसून राहायचा आणि एखादा पोरगा पायऱ्या चढायला लागला की हाताने लांब हो म्हणायचा.

गावाला तेवढंच पुरे. बन्सीच्या हॉटेलात मी चहा पीत असताना मागच्या बाकड्यावरून आवाज आला, "पोरांला ग्यान शिकवायचं आन सोता चोरून गुटखा. घशाचा क्यान्सर काय उगंच व्हतोय?" मी वळून बघितलं आणि माझ्या माईकवरच्या आवाजात त्या माणसाला त्याच्या तीन पिढ्या सांगितल्या. बन्सीने माझा अर्धा राहिलेला चहा उचलून नेला आणि मला हात जोडले.

शेक सुरू व्हायचा दिवस आला. आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात. एकूण तेहतीस शेक, शनिवार-रविवार सोडून रोज, म्हणजे सात आठवडे तिसगाव ते नगर. शमशेरचा मुलगा जीशान चाकणला कंपनीत, त्याला रोज रजा मिळणार कशी? मी म्हटलं, गाडी माझी, दुकान रतनबाई बघते, प्रश्न मिटला. पहिल्या दिवशी चांदबीभाभी पण निघाल्या. मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास आणि पातळ खिमट.

त्या दिवशी मी मनाशी ठरवून गेलो होतो. डॉक्टरांच्या खोलीत बसल्याबरोबर म्हणालो, "मॅडम, आमच्या वस्तादांनी तालमीची माती उकरून टाकलीय. त्यांना वाटतं पोरांना लागण झाली. आता तुम्ही सगळं पहिल्यापासून सांगा. आज कुणीही पाणी प्यायला उठणार नाही." आणि मी खुर्ची दाराला लावून बसलो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, मातीने हा होत नाही. घामाने, मिठी मारल्याने, एका तांब्याने प्यायल्याने हा होतो असं काही आढळलेलं नाही. तुम्ही पोरांना काही दिलेलं नाही, हे आधी मनातून काढा. घशात हा जातो तो बहुतेक मुखमैथुनातून."

हा शब्द मी पुस्तकात वाचलेला, माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. शमशेर आपल्या पंजांकडे बघत राहिला. भाभींनी पदर सारखा केला. बाई मात्र पावसापाण्याचं बोलावं तशा बोलत होत्या, आणि त्यामुळे आम्हालाही हळूहळू ऐकता आलं.

त्यांनी सांगितलं ते असं. हा विषाणू फार लोकांना कधी ना कधी होतो, तरणेपणी जास्त. होतो तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, कळतसुद्धा नाही. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हाकलून देतं. थोड्यांच्या घशात तो मुक्काम करतो आणि वीस-तीस वर्षांनी गाठ होऊन दिसतो. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणारा तोच हा. त्याच्यावर लस आहे. लोकांना ती मुलींची वाटते, पण मुलांनाही देता येते, नवव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत. संबंध यायच्या आधी घेतली तर सगळ्यात चांगली. "झालेला कॅन्सर तिनं बरा होत नाही," त्या म्हणाल्या, "आणि घशाच्या कॅन्सरचा हिशोब लागायला अजून वर्षं जातील. पण लस घेतलेल्यांच्या घशात हा विषाणू फार कमी सापडतो, एवढं दिसलंय. तुमच्या तालमीतल्या पोरांचं वय अगदी तेच आहे, काका."

भाभींनी एकच प्रश्न विचारला. "बाईकडून गड्याला येतो का वो?"

"बाईकडून गड्याला, गड्याकडून बाईला, दोन्ही. कुणाकडून आणि कधी, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. शोधत बसू नका. फक्त मावशी, तुम्हीही तुमची एकदा तपासणी करून घ्या."

मला वाटलं, मिटलं. मातीचा घोळ संपला, आता शेक घ्यायचे आणि बरं व्हायचं. परतीच्या वाटेवर मी मोठमोठ्याने बोलत होतो. मागून भाभींचा आवाजच नव्हता.

शेक घेताना शमशेरला पाठीवर झोपवून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा टाकायचे आणि तो टेबलाला घट्ट बसवायचे. बाहेर आल्यावर तो म्हणायचा, "मच्छ्या, जल्मात कुनी पाठ लावली न्हाई. हितं रोज चितपट." मी हसायचो. भाभी हसायच्या नाहीत. दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. त्या नवऱ्याला खिमट भरवायच्या, तोंड पुसायच्या, पण नजरेला नजर देत नव्हत्या. घरात ती दोघं त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्यासमोर मराठीत, मला परकं वाटू नये म्हणून. त्या तीन दिवसांत दोन्हीतलं काहीच बोलणं नव्हतं.

चौथ्या दिवशी, करंजीचा घाट चढताना, भाभी मागून बोलल्या. "भाऊ, तुमी हाये तवर बोलते. साक्षीला कुनीतरी पायजे."

"बोला ना, भाभी."

"जीशानच्या अब्बांचा लंगोट लग्नापतूर पक्का. सगळ्या तालुक्याला म्हाईत हाय. लग्नानंतर ते कुठं गेले न्हाईत, हे मला म्हाईत हाय. मंग ही बिमारी आली कुठून? घरातूनच आली म्हनायचं." त्यांचा आवाज फुटला. "मी तर कुनाकडं मान वर करून बघितलं न्हाई. पन इचारनाऱ्याला काय सांगू? कुनाकुनापुढं कुरानावर हात ठेवू?"

तीन दिवस ही बाई मागच्या सीटवर बसून हा हिशोब करत होती, आणि मी पुढे बसून बडबडत होतो. उत्तरं दोनच निघत होती. एकतर शमशेरचं सत्तावीस वर्षांचं वाक्य खोटं, नाहीतर चांदबीभाभींचं आयुष्य. आणि त्या वाक्यावर शंका घ्यायची कुणाच्याही मनात आली नव्हती, माझ्याही नाही.

"गाडी बाजूला घे," शमशेर म्हणाला.

मी घेतली. तो समोरच्या काचेतून बघत म्हणाला, "ती खोटं बोलत न्हाई. मी बोलतोय. तीस वरसं. बावीसचा हुतो, कोल्हापुरात. सहा-सात महिने चाललं. मंग तिचं लगीन झालं."

खाली घाटात एक एसटी गिअर बदलत चढत होती. ती वर येऊन आमच्या बाजूने निघून गेली.

"तुमी मला लग्नात सांगायला पायजे हुतं," भाभी म्हणाल्या.

"भ्यालो."

"आन मंग त्या दोन पोरांला कशापायी काढलं?"

भाभी दार उघडून उतरल्या, कठड्यापाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. शमशेर उतरायला लागला तर मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "बस. जरा वेळ ती तिची आसू दे." दहाएक मिनिटांनी त्या परत आल्या, दार जोरात लावलं आणि म्हणाल्या, "त्या सालच्या कुस्त्या जितला का हारला?"

"जितलो. सगळ्या."

"बघा भाऊ," त्या मला म्हणाल्या, "आन पोरांला तीस वरसं सांगतोय की लंगोट मोडला की जोर जातो." एवढं बोलून त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या. शमशेरने हात मागे नेला. त्यांनी तो धरला नाही, पण पिशवीतून थर्मास काढून त्याच्या हातात दिला. मला ते पुरेसं वाटलं. मीही त्याच्यावर रागावलो होतो, फार. पण सगळं मनात ठेवून तीस वर्षं दुसऱ्यांना शपथा घालणं म्हणजे काय ओझं असेल, हेही मला त्या घाटात कळलं. माझ्या मित्राची मला दया आली आणि तो मला आणखी जवळचा वाटला.

शेक पुढे सरकत गेले. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मानेची कातडी काळवंडली, तोंडाला कोरड पडली, चव गेली. पाचव्या आठवड्यात आवाज गेला. एवढा धिप्पाड माणूस कुजबुजल्यासारखा बोलायला लागला आणि दर वाक्यामागे पाण्याची बाटली तोंडाला लावायचा. गाठ मात्र उतरत होती. डॉक्टरबाई खूश होत्या.

गावात तोवर दुसरीच कुजबुज सुरू झालेली. पोरांनी मोबाईलवर आजाराचं नाव टाकून सगळं वाचलं होतं. पोरांकडून ते घराघरांत गेलं. बन्सीच्या हॉटेलात एकजण म्हणाला, "वस्ताद तर पक्का मानूस. मंग घरातूनच..." आणि मला बघून थांबला. या वेळी मी ओरडलो नाही. ओरडून हे मिटणार नव्हतं. मी तडक शमशेरकडे गेलो आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं.

तो कुजबुजला, "पोरांला बोलीव. अठराच्या पुढची तेवढी. ल्हानांच्या आई-बापांला आपन नंतर बसवू, डॉक्टरीनबाईंला घेऊन."

"काय सांगनार?"

"माती का उकरली, ते."

रविवारी सकाळी अकरा पोरं तालमीत आली. मधे रिकामा खड्डा, बाहेर भिंतीशी मातीचा ढीग. पोरं खड्ड्याच्या कडेने बसली. भाभी बाहेर माझ्या गाडीत बसल्या, काच खाली करून. तालमीत बायका येत नाहीत. शमशेरला मी खुर्चीवर बसवलं. त्याचा आवाज चार हातांपलीकडे जात नव्हता. त्याने मला खूण केली. तो एक वाक्य माझ्या कानात सांगणार आणि मी ते पोरांना ऐकवणार. पंचवीस वर्षं मी माईकवर त्याच्या पोरांच्या विजयाच्या आरोळ्या ठोकल्या, म्हणून त्याला वाटलं असावं की हे माझ्याच्याने होईल.

"मला गुटख्यानं झालं न्हाई," तो म्हणाला. मी ते मोठ्याने सांगितलं.

"एक इषाणू आसतो. बाई-गड्याच्या संबंधातून येतो, तोंडाच्याबी. मातीतून येत न्हाई, हे मला म्हाईत नव्हतं. म्हनून माती उकरली." हेही सांगितलं, शेवटी जरा आवाज खाली गेला. पोरं माना खाली घालून ऐकत होती.

मग तो म्हणाला, "बावीसचा आसताना मी लंगोट मोडला. तुमच्या मुठीत माती देऊन मी खोटं बोललो."

मी थांबलो. तोंड उघडलं, आवाज निघेना. हगाम्यात हजारोंच्या गर्दीला मी गप्प करतो, आणि अकरा पोरांपुढे माझी जीभ उचलेना. शमशेरने माझ्या मांडीला चिमटा काढला. "सांग."

मी सांगितलं. शब्दसुद्धा बदलला नाही. पोरांच्या माना वर आल्या.

"चांदबीचा ह्यात काही संबंध न्हाई. हे माजं हाय, माज्या तरनेपनातलं. कुनी तिचं नाव काढलं तर त्यानं माज्यासमोर यावं." डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, कुणाकडून आलं ते कुणालाच कळत नाही. शमशेरने सांगून टाकलं, आणि मी ते मुद्दाम एवढ्या मोठ्याने पुकारलं की बाहेर गाडीत ऐकू जावं आणि पलीकडे बन्सीच्या हॉटेलातही.

पुढचं सोपं होतं. लस कुठं मिळते, पंधराच्या पुढच्यांना तीन डोस का लागतात, पहिल्यानंतर दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तालमीच्या बक्षिसांतून व्यवस्था होईल, ती चिंता कुणी करायची नाही. एकाने विचारलं, सुई घेतल्यावर मेहनत बंद ठेवावी लागती का. मी म्हटलं, दंड दुखंल दोन दिवस, मरायचा न्हाईस. पोरं हसली. मला वाटलं, सभा संपली.

तेव्हा हर्षल उठला. त्याचे कान लाल झाले होते. मारुतीच्या तसबिरीकडे एकदा बघून त्याने नजर खाली वळवली.

"वस्ताद, ज्याचा लंगोट आधीच गेलाय, त्याला लस चालती का?"

सगळ्यांना कळलं होतं की तो कुणाबद्दल विचारतोय. याच गोष्टीसाठी दोन पोरं याच दारातून बाहेर गेली होती. पुढच्या महिन्यात ज्याच्यावर आमच्या तालमीची सगळी आशा, तो पोरगा सगळ्यांसमोर उभा राहून आपणहून मान पुढे करत होता.

शमशेर माझ्या कानाशी आला. "चालती. फायदा जरा कमी, पन हाय. डॉक्टरीनबाईंला मी सगळ्यात आधी तेच इचारलं." मी ते सांगितलं. त्याने हे कधी विचारलं होतं, मला पत्ता नव्हता.

हर्षल बसला नाही. "मंग मी उद्यापासून येऊ का नको?"

शमशेरने बाटली तोंडाला लावली. पाणी गिळायला त्याला वेळ लागला. मग त्याने हात पुढे केला. हर्षल धावत आला, त्याने हात धरून वस्तादाला उठवलं, आणि उठल्यावरही शमशेरने तो हात सोडला नाही. त्या जळालेल्या घशातून जेवढं निघेल तेवढं सगळं एकवटून तो म्हणाला, "येड्या, भाईर येवढी माती पडलीय. तू न्हाई आलास तर आत कोन घेनार?"

हे वाक्य मला पुन्हा सांगावं लागलं नाही. ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं.